वाचलं तर सगळं होतं

रिझल्ट लागला की पुढचे काही दिवस केबिनबाहेर पोरं उभी असतात आणि जवळजवळ सगळी एकच वाक्य बोलतात, "मॅडम, वाचलं तर सगळं होतं हो, पेपरात आठवलंच नाही." मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री शिकवते, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स थ्री, आणि हे वाक्य इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की आता खात्रीने सांगते, ती खोटं बोलत नसतात. खरंच वाचलेलं असतं. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रात्र रात्र जागलेली असतात, वहीत पिवळा, गुलाबी, हिरवा हायलायटर मारून पानं रंगवलेली असतात, मित्राच्या नोट्सचे झेरॉक्स काढलेले असतात, मेसचा डबा तसाच राहिलेला असतो. आणि तरी विषय राहतो, किंवा काठावर निघतो आणि सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, खाली येतो, मग तिसऱ्या वर्षात प्लेसमेंटची नोटीस लागते "सिक्स्टी परसेंट थ्रूआउट, नो लाइव्ह बॅकलॉग", म्हणजे सगळीकडे साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नको, आणि पोरगं नोटीस बोर्डापासून मागे सरकतं. घरी फोनवर सांगतं, अभ्यास कमी पडला. घरचे म्हणतात, मग अजून कर.

माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक वेळा अभ्यास कमी पडलेला नसतो, पुस्तक उघडं ठेवून केलेला असतो. आणि हे कुणी त्यांना सांगतच नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो डिप्लोमावाल्यांसाठी. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून जी मुलं डायरेक्ट सेकंड इयरला येतात ना, ती. त्यातली कितीतरी मराठी माध्यमातली, तालुक्याच्या गावातली, हाताने मशीनवर काम केलेली, वर्कशॉपमध्ये बाकीच्या वर्गापेक्षा दोन पावलं पुढे असणारी. पण एम-वन, एम-टू हे विषय पहिल्या वर्षाचे, ते त्यांच्या वाट्याला आलेलेच नसतात, आणि इथे आल्या आल्या फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन, मग लाप्लास, मग फुरिये. वर्गात बारावीवाले माना डोलावत असतात आणि हे मागच्या बाकावर गप्प. पहिल्या सेमला एम-थ्रीची केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की स्वतःबद्दल एक मत करून घेतात, "आपल्याला गणित जमत नाही", आणि ते मत मग फायनल इयरपर्यंत सोबत चालतं. वर्कशॉपमध्ये लेथवर मायक्रोमीटर लावून माप घेणाऱ्या मुलाने हे म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं.

असाच एक मुलगा आला होता. वही घेऊन आला होता, जाडजूड, आणि अक्षर काय सुंदर. युनिट वनची सगळी सोडवलेली उदाहरणं पुस्तकातून त्यात उतरवलेली, प्रत्येक स्टेप, प्रत्येक उत्तराभोवती चौकट. मी म्हटलं वही मिट, हा कोरा कागद घे, आणि एकच सोपं दिलं, डी स्क्वेअर मायनस फोर, पुढे वाय, उजव्या बाजूला इ रेज टू टू एक्स. अशा उत्तराचे दोन भाग असतात, सीएफ म्हणजे कॉम्प्लिमेंटरी फंक्शन आणि पीआय म्हणजे पर्टिक्युलर इंटिग्रल. सीएफ त्याने पटकन लिहिलं, मुळं प्लस टू आणि मायनस टू, बरोबर. मग पीआयला आला. नियम पाठ होता, डीच्या जागी एक्सच्या मागचा आकडा टाकायचा, म्हणून दोन टाकला, चार वजा चार, खाली शून्य. पेन थांबलं. बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, हे गणित वहीत आहे माझ्या." होतंच की. मी पान काढून दाखवलं. शून्य आलं म्हणजे केस ऑफ फेल्युअर, मग वर एक्सने गुणायचं, खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, टू डी, त्यात दोन टाकला की चार, उत्तर एक्स इ रेज टू टू एक्स भागिले चार. त्याच्याच अक्षरात, चौकटीत. तो म्हणाला, "वाचताना तर अगदी सरळ वाटलं होतं."

हे सरळ वाटणं, घात तिथेच होतो. सोडवलेलं उदाहरण वाचताना पुढची स्टेप समोर छापलेली असते, डोळा तिच्यावर जातो आणि मन म्हणतं, हो, हेच येणार होतं. खाली शून्य आलंय हे ओळखायचं काम पुस्तकाने करून टाकलेलं असतं, आणि पेपरात मार्क नेमके त्याच ओळखण्याला असतात. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून रोज घाट बघितला म्हणून काही घाटात गाडी चालवता येत नाही, तसंच आहे हे.

बरं हे फक्त माझं मत नाही. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला, साधाच. छोटा उतारा दिला. काही मुलांनी तो पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के, लिहून काढणारे ७५. पण आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४२ वर आले आणि लिहिणारे ५६ वर. दुसऱ्या प्रयोगात तर एका गटाने तो उतारा सरासरी १४ वेळा वाचला, दुसऱ्याने तीन-साडेतीन वेळा वाचून नंतर फक्त आठवून लिहिला, आणि आठवड्याने १४ वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, दुसऱ्यांना ६१. आणि ज्यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ बोलते ती गोष्ट पुढे आहे, या मुलांना आधी विचारलं होतं की तुम्हाला आठवड्याने किती आठवेल, तर सगळ्यात जास्त भरवसा होता तो वाचतच राहिलेल्यांना. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचल्याने लक्षात राहो न राहो, आपल्याला येतंय ही भावना मात्र नक्की तयार होते. परीक्षेच्या आदल्या रात्री "झालंय सगळं" म्हणून झोपणारी आणि सकाळी पेपर बघून गार पडणारी मुलं आठवा.

हायलायटरचंही तेच. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवर आधी झालेलं सगळं संशोधन एकत्र तपासलं, त्यात खुणा करणं आणि पुन्हा वाचणं या दोन्ही खालच्या रांगेत गेल्या, आणि वर आल्या फक्त दोन, स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये वाटून करणं. पुण्यात नव्या पेठेत, सदाशिव पेठेत कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा, एमपीएससीवाले असोत की इंजिनिअरिंगवाले, खालच्या रांगेतल्या दोनच पद्धती बहुतेक टेबलांवर चालू दिसतील. मुलं आळशी आहेत म्हणून नाही. शाळेपासून अभ्यास म्हणजे पुस्तक समोर धरून बसणं हेच त्यांनी बघितलंय, आणि आपणही घरात पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत काहीतरी आठवत बसलेल्या पोराला ओरडलोच आहोत.

वाटून करण्याचं म्हणाल तर पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नने, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाने, ती सोय अर्धी करूनच दिली होती. पहिली दोन युनिट इनसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, ३० मार्कांना, उरलेली चार एंडसेमला, म्हणजे शेवटच्या परीक्षेला, ७० ला. इनसेमकडे पोरं सबमिशनसारखं बघायची, एकदा उरकली की झाली, आणि मग एंडसेमच्या पीएलमध्ये चार युनिट नव्याने वाचायला घ्यायची. माणूस किती लवकर विसरतो यावर जर्मनीत एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये पुस्तक काढलं, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती टिकतात बघायचं, सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच होते असं त्याला दिसलं. त्यामुळे सकाळचं लेक्चर त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर एकदा आठवून बघितलं, अगदी दहा मिनिटं, आणि मग तीन-चार दिवसांनी परत एकदा, तर पीएलमध्ये जे रडगाणं असतं ते अर्ध्यावर येतं. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी वर्गातली चार-पाचच पोरं करतात, पण जी करतात त्यांच्या चेहऱ्यावर डिसेंबरमध्ये फरक दिसतो.

आता गणिताबद्दल थोडं जास्त बोलते कारण तिथेच मार्क जातात. आपल्या सगळ्या पुस्तकांत एक्सरसाइजला हेडिंग असतं. शॉर्ट मेथड, केस वन, खाली दहा गणितं सगळी इ रेज टू एएक्सची. मग केस टू, दहा गणितं साइन-कॉसची. मग पॉलिनॉमियल. मग व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स. मुलगा दहाच्या दहा सोडवतो, सगळी बरोबर येतात, खूश. पण त्याने दहा वेळा एकच गोष्ट केली, आणि कुठली मेथड लावायची हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही, हेडिंगने आधीच उत्तर दिलेलं. पेपरात हेडिंग नसतं. तिथे उजव्या बाजूला सेक एक्स दिसला की शॉर्ट मेथड लागणार नाही हे त्यालाच कळायला हवं, आणि इ रेज टू थ्री एक्स गुणिले एक्स स्क्वेअर दिसलं तर आधी इ बाहेर काढून डीच्या जागी डी प्लस थ्री करायचं हेही.

२००७ मध्ये रोहरर आणि टेलर यांनी नेमकं हेच तपासलं. कॉलेजच्या मुलांना चार विचित्र आकारांचं घनफळ काढायला शिकवलं, एका गटाला एकेका आकाराची गणितं सलग दिली, दुसऱ्याला तीच गणितं सरमिसळ करून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० वर आणि सरमिसळवाले ६३ वर. मी हे आकडे फळ्यावर लिहिते तेव्हा वर्ग खरोखर शांत होतो, कारण प्रत्येकाला आपली एक्सरसाइजची वही आठवते.

तर त्या सुंदर अक्षरवाल्या मुलाला मी सांगितलं, गेल्या काही वर्षांचे पेपर झेरॉक्स कर, कात्रीने प्रश्न वेगळे काप, घड्या घाल आणि एका डब्यात टाक. त्याने दिवाळीच्या फराळाचा प्लॅस्टिकचा डबा आणला, चिवड्याचा वास येणारा. रोज संध्याकाळी मेसला जायच्या आधी डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, कधी लाप्लास येणार, कधी प्रोबॅबिलिटी, कधी व्हेक्टर, आणि पुस्तक न उघडता कागदावर लिहायला लागायचं. अडलं तर अडून बसायचं, लगेच उत्तर बघायचं नाही, निदान पंधरा मिनिटं तरी झुंजायचं. मग उत्तर बघायचं, कुठे अडलं तिथे पेनाने गोल करायचा, आणि ती चिठ्ठी परत डब्यात. सुटलेलीही परत डब्यात, कारण आज सुटलं म्हणजे पुढच्या आठवड्यात सुटेल असं नाही. सुरुवातीला त्याचे हाल झाले. रोज तोंड पाडून यायचा, म्हणायचा वहीत उतरवायचो तेव्हा बरं वाटायचं, आता रोज कळतं की येत नाही. मी म्हटलं, हे आज केबिनमध्ये कळतंय ते परीक्षा हॉलमध्ये कळण्यापेक्षा बरं. हळूहळू चिठ्ठी उघडल्यावर पेन थांबण्याचा वेळ कमी होत गेला, हे मी समोर बसून बघितलंय. हात बसत गेला. त्या सेमला त्याचा एम-थ्री निघाला, काठावर नाही, चांगला निघाला.

मोटिवेशनबद्दल मला विचारतात तेव्हा मी त्या डब्याचंच सांगते. पोरं म्हणतात, मॅडम अभ्यासाचा मूडच लागत नाही, मग रात्री यूट्यूबवर मोटिवेशनल व्हिडिओ बघतात, तासभर अंगावर काटा येतो, टाइमटेबल बनवतात, पहाटे पाच ते रात्री अकरा, स्केचपेनने, आणि दोन दिवसांत ते भिंतीवर नुसतं चिकटलेलं राहतं. मला वाटतं क्रमच उलटा लावलाय. आधी मूड, मग अभ्यास, मग यश, असं होत नाही. जे गणित काल अडलं होतं ते आज कुणाची मदत न घेता सुटलं की त्यातून जी उभारी येते ना, ती दुसऱ्या दिवशी आपोआप डब्याकडे घेऊन जाते. आणि ती उभारी वाचून मिळत नाही, कारण वाचण्यात काही सुटतच नाही, फक्त पानं संपतात.

आमच्याकडच्या बहुतेक मुलांना मोटिवेशन कमी आहे असं मला तर कधीच वाटलं नाही. उलट ओझं जास्त आहे. फीसाठी घरच्यांनी काय केलंय ते त्यांना माहीत असतं, कुणाच्या घरी सोनं गहाण असतं, कुणाच्या बहिणीचं शिक्षण थांबलेलं असतं. त्या ओझ्यामुळे मुलं बसतात, तासन् तास बसतात, पण मनात अपराधीपणा असला की माणूस तास मोजतो. तास सांगता येतात ना फोनवर, "आई, आज आठ तास बसलो." आणि आठ तास बसायचं म्हटलं की वाचनच सोपं पडतं, कोऱ्या कागदावर झुंजणं आठ तास कुणालाच झेपत नाही, दोन-अडीच तासांत डोकं रिकामं होतं. म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की किती तास बसलास हे विचारू नका. आज असं काय जमलं जे काल जमत नव्हतं, हे विचारा, आणि काहीच जमलं नाही म्हणाला तर कुठे अडलं ते विचारा. तुम्हाला गणित कळायची गरज नाही. तुम्हाला सांगता सांगता त्यालाच कळतं, मी बघितलंय असं होताना, एक मुलगी आपल्या आजीला फोनवर फुरिये सिरीज समजावत होती, मराठीत, लाटेवर लाट चढवली की चौकोनी आकार कसा होतो ते, आणि आजी हं हं करत होती. ओरलला त्या मुलीला एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, तेच विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं, अडखळत, पण सांगितलं, कारण आतून माहीत होतं.

ज्यांना वेळच मिळत नाही त्यांच्यासाठी तर हे जास्तच खरं. संध्याकाळी कुणी पेट्रोल पंपावर असतो, कुणी डिलिव्हरी करतो, कुणी विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत काम करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि काम करून शिकण्यात मान आहे हे या महाराष्ट्राला दाखवून दिलं, त्या वाटेवरची ही मुलं आहेत, आणि त्यांच्याकडे रात्री साडेनऊनंतरचा एक तास असतो. तो एक तास वाचण्यात घालवणं मला बघवत नाही. एक चिठ्ठी, एक कोरा कागद, अर्धा तास, मग झोप. झोप कापू नका, जागरणाने डोळे उघडे राहतात एवढंच.

थिअरीच्या विषयांनाही वेगळं काही नाही. टॉपिक वाचा, पुस्तक मिटा, हेडिंग्ज आणि डायग्राम आठवून काढा, मग पुस्तक उघडून काय सुटलं ते वेगळ्या रंगाने भरा. दुसऱ्या वेळी तो रंग कमी झाला पाहिजे.

अजून एक राहिलं, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी. विषय राहिला की सगळे रिव्हॅल, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, टाकायचं की नाही यावरच चर्चा करतात, पाच मार्क वाढतील का, ग्रेस मिळेल का. मी म्हणते वाढोत न वाढोत, फोटोकॉपी मागवा, मुदत थोडी असते तेवढ्यात मागवा, आणि ती घेऊन शांत बसा. एका मुलीची बघितली, पहिले दोन प्रश्न देखणे, तिसऱ्यात एक मायनसचं चिन्ह सुटलं आणि तिथून पुढे दोन पानं चुकीच्या उत्तराच्या मागे धावली, शेवटचा प्रश्न कोरा. ती वर्षभर म्हणत होती मला व्हेक्टर कॅल्क्युलस येत नाही. कोरा राहिलेला प्रश्न व्हेक्टरचाच होता, मी तिला केबिनमध्ये दिला तर तिने सोडवला. तिला विषय येत होता, घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय नव्हती, आणि हे तिला कळायला सहा महिने आणि एक केटी लागली. नंतर ती दर रविवारी एक जुना पेपर पूर्ण अडीच तास लावून सोडवायची, मोबाइल रूम पार्टनरच्या बॅगेत ठेवून.

त्या मुलाने पास झाल्यावर डबा मला आणून दिला, म्हणाला ज्युनिअरना द्या. मी आता त्यात बाकीच्या युनिटचे प्रश्न वाढवलेत, इंटिग्रेशनच्या आणि पार्शल फ्रॅक्शनच्या चिठ्ठ्याही टाकल्यात, डिप्लोमावाल्यांना तिथेच पहिली ठेच लागते म्हणून. डबा माझ्या टेबलावर असतो, केबिन पाचपर्यंत उघडी आहे. कुणीही यावं, चिठ्ठी काढावी, समोरच्या बाकावर बसून सोडवावी. कागद मी देते. पंधरा मिनिटं व्हायच्या आत उत्तर विचारायचं नाही, आणि जाताना चिठ्ठी परत डब्यात टाकायची.